मधल्या पत्त्याचे गणित

पत्ते खेळताना हाती सर्वांत भारी पत्ता आला तर काय करायचे, हे कोणी शिकवावे लागत नाही. सर्वांत हलका पत्ता आला तरी फारसे अडत नाही. तो निमूटपणे टाकून देता येतो. खरी पंचाईत होते ती मधला पत्ता आला की. त्यातून समोरचा खेळाडू दर डावाला बोली लावून दडपण आणणारा असेल, तर मधला पत्ता धरून बसलेल्या माणसाची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी होते. पत्ता टाकावा तर जिंकलेला डाव हातचा गेल्याची रुखरुख, आणि धरून ठेवावा तर पदरचे जाण्याची भीती.

अशा वेळी अनुभवी माणसे दोन प्रकारचे सल्ले देतात. एक सल्ला असतो, ‘सबुरीने घ्या, चांगला पत्ता येईपर्यंत थांबा.’ दुसरा असतो, ‘जशास तसे वागा, त्याने एक वाढवला तर तुम्ही दोन वाढवा.’ हे दोन्ही सल्ले स्वभावाबद्दलचे आहेत. आम्हांला येथे दाखवायचे आहे ते असे की, हा प्रश्न भित्रेपणाचा किंवा धाडसाचा नसून साध्या अपूर्णांकांचा आहे. तो नववी-दहावीच्या वर्गात सोडवता येतो आणि त्यासाठी फक्त तीन पत्ते, एक फासा आणि मूठभर चिंचोके लागतात.

हूल म्हणजे काय?

ज्या खेळात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहतो तो खेळ म्हणजे पोकर. हा खेळ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाढला. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास घरोघरी खेळली जाणारी तीन पत्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचे मर्म समजायला वेळ लागणार नाही. डावाच्या आरंभी प्रत्येकाने मध्ये ठरावीक रक्कम ठेवायची. तिला आपण बूट म्हणतो. मग ज्याला आपल्या पत्त्यांचा भरवसा वाटतो त्याने आणखी रक्कम टाकायची, म्हणजे चाल करायची. समोरच्याने एक तर तितकीच रक्कम टाकून बरोबरी करायची, नाही तर पत्ते टाकून डाव सोडायचा. शेवटी दोघे उरले तर पत्ते उघडायचे. ज्याचे पत्ते भारी त्याची रास. परंतु इतर सर्वांनी पत्ते टाकले तर उरलेल्याला पत्ते न दाखवताच रास मिळते.

या शेवटच्या नियमातच सगळी गंमत आहे. हलके पत्ते असतानाही चाल करून समोरच्याला पळवून लावता येते. याला इंग्रजीत ब्लफ म्हणतात. आपण त्याला ‘हूल’ म्हणू. जो खेळाडू वाजवीपेक्षा जास्त वेळा हूल देतो तो अति आक्रमक. ‘वाजवी’ म्हणजे नेमके किती, हे मात्र मोजून सांगता आले पाहिजे.

तीन पत्त्यांचा पोकर

पोकरकडे गणिताच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात फ्रान्समधील एमिल बोरेल आणि हंगेरीत जन्मलेले जॉन फॉन नॉयमन या दोघांनी केली. फॉन नॉयमन यांचा खेळांच्या सिद्धान्तावरील पहिला निबंध १९२८ सालचा. पुढे १९४४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात पोकरवर स्वतंत्र प्रकरण आहे. पण वर्गात नेण्याजोगे सर्वांत सुटसुटीत रूप दिले ते हॅरल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने, १९५० साली.

कून यांच्या खेळात पत्ते फक्त तीन: राजा, राणी आणि गुलाम. खेळाडू दोन. प्रत्येकाने एक चिंचोका बूट म्हणून ठेवायचा. पत्ते पिसून प्रत्येकाला एक पत्ता द्यायचा. तिसरा पालथा राहतो. पहिल्या खेळाडूने एक चिंचोक्याची चाल करायची किंवा स्वस्थ राहायचे. त्याने चाल केली तर दुसऱ्याने बरोबरी करायची किंवा पत्ता टाकायचा. तो स्वस्थ राहिला तर दुसऱ्याला चाल करता येते, आणि मग बरोबरी करायची की पत्ता टाकायचा हे पहिल्याने ठरवायचे. दोघेही स्वस्थ राहिले तर लगेच पत्ते उघडायचे. इतकाच खेळ.

येथे राजा कधी हरत नाही, गुलाम कधी जिंकत नाही. अडचण आहे ती राणीची.

राणीपुढचे तीन मार्ग

आपण पहिले खेळाडू आहोत आणि आपल्या हाती राणी आली आहे असे समजू. समोर राजा असेल किंवा गुलाम. दोन्हींची शक्यता सारखीच. आपल्यापुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, आपणच चाल करायची. समोर गुलाम असेल तर तो पत्ता टाकील आणि आपल्याला त्याच्या बुटाचा एक चिंचोका मिळेल. समोर राजा असेल तर तो आनंदाने बरोबरी करील आणि आपले दोन चिंचोके जातील. दोन डावांत एक मिळाला, दोन गेले. म्हणजे दर डावी सरासरी अर्ध्या चिंचोक्याचा तोटा.

दुसरा मार्ग, स्वस्थ राहायचे आणि समोरून चाल आली तर पत्ता टाकायचा. तिसरा मार्ग, स्वस्थ राहायचे आणि चाल आली तर बरोबरी करायची. या दोन मार्गांचे फळ समोरचा किती वेळा हूल देतो यावर अवलंबून आहे. राजा असताना तो चाल करणारच. गुलाम असताना तो किती वेळा चाल करतो, त्या प्रमाणाला ‘ह’ म्हणू.

दुसऱ्या मार्गात समोर राजा असताना आपला एक चिंचोका जातो. समोर गुलाम असताना हूल आली तर एक जातो, नाही आली तर एक मिळतो. सरासरी काढली तर दर डावी ‘ह’ इतका तोटा येतो. तिसऱ्या मार्गात राजासमोर दोन चिंचोके जातात. गुलामाने हूल दिली तर दोन मिळतात, नाही तर एक. येथे सरासरी तोटा (१ – ह) भागिले २ इतका येतो. वाचकांनी ही दोन्ही उत्तरे कागदावर पडताळून पाहावीत.

आता तीन प्रकारचे प्रतिस्पर्धी घेऊ. जो कधीच हूल देत नाही, त्याच्यापुढे दुसऱ्या मार्गाने तोटा शून्य आणि तिसऱ्या मार्गाने अर्धा चिंचोका. अशा माणसाची चाल आली की राणी टाकावी. जो तिनांतून एकदा हूल देतो, त्याच्यापुढे दोन्ही मार्गांनी तोटा एकतृतीयांश. काहीही करा, सारखेच. आणि जो प्रत्येक वेळी हूल देतो, त्याच्यापुढे पत्ता टाकणाऱ्याचा दर डावी पूर्ण एक चिंचोका जातो, तर बरोबरी करणाऱ्याचा तोटा शून्य होतो.

म्हणजे ‘वाजवी’ हुलीचे प्रमाण येथे एकतृतीयांश ठरले. समोरचा त्याहून जास्त हूल देत असेल तर मधल्या पत्त्याने बरोबरी करावी, कमी देत असेल तर पत्ता टाकावा. राणीचे मोल राणीवर छापलेले नसते. ते समोरच्याच्या सवयीवर ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिला मार्ग, म्हणजे आपणच पुढे होऊन चाल करणे, वरील तिन्ही प्रतिस्पर्ध्यांपुढे कधीच सर्वोत्तम ठरला नाही. कारण उघड आहे. राणीने केलेली चाल ज्याला आपण हरवू शकतो त्या गुलामाला पळवून लावते, आणि जो आपल्याला हरवतो त्या राजाला तेवढे थांबवून ठेवते. ‘जशास तसे’ हा सल्ला येथेच फसतो. आक्रमक माणसासमोर आपणही आक्रमक झालो की त्याच्या हुली संपतात आणि उरतात ते त्याचे खरोखरीचे राजे. आपला फायदा तर त्याच्या हुलींमध्येच होता!

फाशाचे काम

मग पत्ता ‘नेहमी धरायचा’ असा नियम करावा का? तसे केले तर समोरचा आज ना उद्या शहाणा होईल. तो हूल देणे बंद करील, फक्त राजा असतानाच चाल करील, आणि आपला दर डावी अर्धा चिंचोका जाऊ लागेल. यावर फॉन नॉयमन यांच्या सिद्धान्तातून निघणारा तोडगा असा की, निर्णय योग्य प्रमाणात दैवावर सोपवायचा. दुसऱ्या खेळाडूने गुलाम असताना फासा टाकावा आणि १ किंवा २ पडल्यास हूल द्यावी. पहिल्या खेळाडूने नेहमी स्वस्थ राहावे. चाल आल्यास राजाने बरोबरी करावी, गुलाम टाकावा आणि राणी असेल तर फासा टाकून १ किंवा २ पडल्यासच बरोबरी करावी. असे खेळणाऱ्यांपैकी कोणालाही एकट्याने आपली पद्धत बदलून जास्त मिळवता येत नाही. हाच समतोल. या समतोलात पहिल्या खेळाडूचा सरासरी १८ डावांत एक चिंचोका जातो. आधी बोलावे लागण्याची ती किंमत आहे.

आणखी पत्ते उघडायचे असतील तर

कून यांच्या खेळात पत्ता एकदा वाटला की बदलत नाही. खऱ्या पोकरमध्ये मधला पत्ता आणखी एका अर्थाने कच्चा असतो: आज तो पुढे असला तरी पुढच्या पत्त्यावर मागे पडू शकतो. सध्या जगभर खेळल्या जाणाऱ्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते गुपचूप मिळतात आणि मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी उघडतात. आधी तीन, मग एक, मग एक.

समजा आपल्याला नव्व्यांची जोडी आली. ही जोडी चांगलीच आहे. पण उरलेल्या ५० पत्त्यांत दश्शीपासून एक्क्यापर्यंत २० पत्ते नव्वीहून मोठे आहेत. पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत त्यांपैकी एकही नसण्याची संभाव्यता ३०/५० × २९/४९ × २८/४८, म्हणजे सुमारे ०.२१. थोडक्यात, १०० पैकी ७९ वेळा समोर निदान एक मोठा पत्ता पडतो आणि आपल्या मनात पाल चुकचुकते. दश्शीच्या जोडीसाठी हाच आकडा सुमारे ६९, गुलामाच्या जोडीसाठी ५७, राणीच्या जोडीसाठी ४१ आणि राजाच्या जोडीसाठी २३ आहे.

येथे एक आक्षेप वाजवी आहे. पत्ते अजून उघडायचे असताना स्वस्थ राहिले तर समोरच्याला पुढचा पत्ता फुकट बघायला मिळतो. मग आपणच बोली वाढवून त्याला घालवू नये का? एक उदाहरण सोडवून पाहू.

मध्ये अठ्ठी, छक्की, तिर्री आणि दुर्री असे चार वेगवेगळ्या रंगांचे पत्ते उघडले आहेत. एकच पत्ता बाकी आहे. आपल्याजवळ नव्व्यांची जोडी आहे. राशीत १०० चिंचोके आहेत आणि समोरच्याने ६० ची चाल केली आहे. त्याच्याजवळ दोन शक्यता धरू: राजा-राणी, म्हणजे निव्वळ हूल, किंवा दश्शीची जोडी, म्हणजे खरी चाल. हिशोब सोपा राहावा म्हणून शेवटच्या पत्त्यानंतरची बोली आणि आपल्याला तिसरी नव्वी मिळण्याची अल्प शक्यता सोडून देऊ.

त्याच्याजवळ राजा-राणी असल्यास न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी फक्त ६ पत्ते (तीन राजे आणि तीन राण्या) त्याला तारतात. आपण बरोबरी केली तर रास २२० ची होते. तिचा ३८/४४ वाटा, म्हणजे १९० चिंचोके सरासरीने आपले. त्यांतून आपले ६० वजा जाता १३० उरतात. त्याच्याजवळ दश्शीची जोडी असल्यास आपले ६० जातात.

आता बरोबरी न करता आपण बोली १८० पर्यंत वाढवली असे समजू. राजा-राणीवाला पत्ते टाकील आणि आपल्याला १६० मिळतील, म्हणजे बरोबरीपेक्षा ३० जास्त. पण दश्शीवाला थांबेल आणि आपले १८० जातील, म्हणजे १२० जास्त. तीस मिळवण्यासाठी एकशेवीस पणाला लावायचे, तर हुली खऱ्या चालींच्या चौपटीहून जास्त असल्या पाहिजेत. शंभरांत ८० च्या वर. नुसत्या बरोबरीसाठी मात्र शंभरांत ३२ हुली पुरतात. या दोन आकड्यांमधला विस्तीर्ण प्रदेश ‘शांतपणे बरोबरी करा’ असे सांगतो. फुकट पत्त्याची भीतीही येथे खरी नाही, कारण आक्रमक खेळाडू पत्ता फुकट बघतच नाही. तो आपणहून त्याचे ६० चिंचोके मोजतो. तो स्वस्थ राहिला तर मात्र गोष्ट बदलते. तेव्हा आपण चाल करून त्याच्याकडून त्या पत्त्याची किंमत वसूल करणे योग्य ठरू शकते.

तो खरोखर आक्रमक आहे का?

आतापर्यंत आपण हुलीचे प्रमाण माहीत आहे असे धरून चाललो. प्रत्यक्षात ते कोणी सांगत नाही. निरीक्षणावरून ओळखावे लागते. येथे दोन खाचखळगे आहेत आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना ते ओळखीचे वाटतील.

पहिला खळगा थोडक्या निरीक्षणांचा. समोरच्याला सहा वेळा गुलाम आला आणि त्यांपैकी चार वेळा त्याने हूल दिली, असे आपण पाहिले. एवढ्यावरून त्याला अति आक्रमक म्हणावे का? जो काटेकोरपणे तिनांतून एकदाच हूल देतो, त्याच्याकडूनही सहांपैकी चार किंवा अधिक हुली येण्याची संभाव्यता ७३/७२९, म्हणजे दहा टक्के आहे. लागोपाठ चांगले पत्ते येणाऱ्यालाही आपण असेच ‘आक्रमक’ ठरवून बसतो. हरल्यानंतरच्या रागात तर हे हमखास होते.

दुसरा खळगा अधिक फसवा आहे. आपण पत्ता टाकला की समोरच्याचा पत्ता उघडत नाही. म्हणजे त्याची हूल होती की खरी चाल होती, हे फक्त बरोबरी करणाऱ्यालाच कळते. जो नेहमी माघार घेतो त्याला समोरच्याविषयी कधीच काही कळत नाही. ‘त्याच्याजवळ राजाच असणार’ ही त्याची समजूत खोटी ठरण्याची संधीच मिळत नाही. न तपासलेले गृहीतक पक्के वाटू लागते ते असे. अधूनमधून केलेली बरोबरी ही नुसती पैज नसते. ती प्रयोगाची किंमत असते.

प्रतिस्पर्ध्याची सवय ओळखून खेळावे, की समतोल धरून बसावे? याचे एक उत्तर संगणकांनी दिले आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकप्रणालीने चार निष्णात व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवले. तिने समोरच्यांच्या चुका हेरून त्यांवर झडप घालण्याची पद्धत वापरली नव्हती. ती समतोलाच्या जवळ राहून खेळली आणि रोज रात्री स्वतःच्या खेळातील उणिवा बुजवत गेली. समतोल आपले रक्षण करतो. समोरच्याच्या चुकीचा पुरेपूर फायदा घ्यायचा तर समतोल सोडावा लागतो, आणि तो सोडला की आपणही उघडे पडतो. म्हणून पुरावा जमेल तेवढेच समतोलापासून दूर जावे.

वर्गात करून पाहा

पत्ते आणि शाळा हे शब्द एकत्र आले की काही शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि ते योग्यच आहे. म्हणून चिंचोक्यांच्या पुढे जाऊ नये. पैशांनी खेळण्याच्या ठिकाणी मालक राशीतून आपला हिस्सा काढून घेतो. त्यामुळे खेळाडूंची एकूण बेरीज शून्याच्याही खाली जाते. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या खेळांनी अनेक घरे पोळली. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला.

हा खेळ वर्गात न्यायचे कारण वेगळे आहे. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. दुसऱ्या खेळाडूला गुपचूप एक चिठ्ठी द्यावी: ‘कधीच हूल देऊ नको’, ‘फासा टाकून दे’ किंवा ‘दर वेळी दे’. साठ डाव खेळवावेत आणि पहिल्या खेळाडूला नोंदींवरून चिठ्ठी ओळखायला सांगावे. शेवटी फळ्यावर सगळ्या जोड्यांचे चिंचोके मांडावेत. योग्य खेळूनही हरलेला एखादा विद्यार्थी निश्चित सापडेल. दर वेळी हूल देणाऱ्यासमोर राणीने बरोबरी करणे हा उत्तम निर्णय आहे, तरीही त्यात निम्म्या वेळा दोन चिंचोके जातातच. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, आणि निकाल चांगला लागला म्हणून तो बरोबरही ठरत नाही. परीक्षेचे गुण, पिकाचा अंदाज, औषधाचा गुण, सगळीकडे आपण ही गल्लत करतो. ती चिंचोक्यांवर शिकून घेणे स्वस्त पडते.

जाता जाता वाचकांसाठी एक उदाहरण. कून यांच्या खेळात चाल एक चिंचोक्याऐवजी दोन चिंचोक्यांची केली, तर वाजवी हुलीचे प्रमाण किती होईल? उत्तर निम्मे येते, म्हणजे गुलामाने दोनांतून एकदा हूल द्यावी. चाल मोठी झाल्यावर हूल कमी व्हायला हवी असे प्रथम वाटते. ती वाढते का, हे विद्यार्थ्यांनी आधी आकडेमोड करून आणि मग आपल्या शब्दांत सांगावे.